पूर्वेकडचा उतार

"मॅडम, एक इचारू का? हे पॅनल तापत नाही म्हन्ता. मंग ऊन जाते कुठं?"

मोहोड फिटर गच्चीवर उकिडवा बसून लोखंडी खांबाचे बोल्ट आवळत होता. फेब्रुवारीतली सकाळ. अकोल्यात ऊन अंगाला गोड लागतं ते वर्षातले शेवटचे आठ-दहा दिवस. रसिका गावंडे त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती.

"परत आकाशात जातं, दादा."

"हाव, पन आकाश त असं सरळ वर हाय. आपन हे तिरपं बसवून राह्यलो ना. समोर कोनाचं घर हाय ते एकडाव पाहून घ्या. उन्हाले कोनाच्या घरी जाऊ नको म्हनून सांगता येत नाही."

रसिका हसली. "दादा, मी एम.एस्सी. आहे. चार महिने अभ्यास करून घेतलंय हे पॅनल."

"मंग बराबर असन तुमचं," मोहोड म्हणाला आणि चहा बशीत ओतून प्यायला लागला.

त्या चार महिन्यांचा तिला अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मागच्या मे महिन्यात तिच्या मुलीला, जुईला, तापात आकडी आली होती. अडीच वर्षांचं लेकरू, डोळे वर गेलेले, हातपाय ताठ, आणि वीज गेलेली. त्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर होता. डॉक्टर म्हणाले, उष्म्याने ताप चढला, परत होऊ देऊ नका. जणू काही तिने होऊ दिलं होतं! पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून ती एका वहीत दिवसातून तीनदा जुईचा ताप लिहून ठेवायची. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत दिवसभर नमुने तपासणारी बाई; मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

बैठ्या घराच्या छपरावर सौर पॅनल बसवायचं ठरलं ते यातूनच. वीज गेली तरी जुईच्या खोलीतला एसी बंद पडता कामा नये. बाजारात सात कंपन्या होत्या. रसिकाने संगणकावर मोठा तक्ता केला. वीज किती, धुळीत किती घट, गारपीट सोसेल का, हमी किती वर्षांची, छपरावर माकडांनी उड्या मारल्या तर काय. एकूण एकोणीस रकाने.

"लग्नाआधी माझा असा तक्ता केला असतास," तिचा नवरा भूषण म्हणाला होता, "तर तिसऱ्या रकान्यातच मी नापास."

"माकडांच्या रकान्यात पास झाला असतास," ती म्हणाली होती. तेव्हा घरात अजून अशी थट्टा चालत होती.

तक्त्यात पहिलं आलं 'नीलपर्ण'. त्याचं कारण असं. साधं पॅनल उन्हातल्या जेमतेम पाचव्या भागाची वीज करतं. उरलेलं ऊन पॅनलमध्येच जिरतं, पॅनल तव्यासारखं तापतं, आणि तापलेलं पॅनल वीज आणखी कमी देतं. म्हणजे ज्या दुपारी एसी सर्वांत जास्त लागतो, त्याच दुपारी पॅनल धापा टाकतं. शिवाय त्याखालचा स्लॅब भाजतो तो वेगळाच.

नीलपर्णच्या शास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. उन्हात आपल्याला दिसणारा उजेड असतो, आणि जवळजवळ तितकीच न दिसणारी, नुसती उष्ण अशी अवरक्त किरणं असतात. नव्या जातीच्या पॅनलला वीज करायला दिसणारा उजेड पुरतो. अवरक्त किरणं त्याला कामाची नाहीत. ती फक्त तापवतात. मग ती आत घ्यायचीच कशाला? साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते त्याच्या पातळ पापुद्र्यामुळे. पापुद्र्याची जाडी ठरवते कोणता रंग परत फिरणार. तसे शेकडो पापुद्रे त्यांनी काचेवर एकावर एक चढवले, जाडी अशी साधली की उजेड आत जाईल आणि उष्णता आल्या पावली माघारी फिरेल. पॅनल भर उन्हातही कोमट. 'पॅनलचं तापमान' या रकान्यात बाकी सहा कंपन्या नीलपर्णच्या आसपासही नव्हत्या. माघारी फिरलेली उष्णता पुढे काय करते, असा रकाना तिच्या तक्त्यात नव्हता. कंपनीच्या माहितीपत्रकातही नव्हता.

बसवताना दोन गोष्टी रसिकाने स्वतः ठरवल्या. एक म्हणजे पॅनल स्लॅबवर न टेकवता आठ फूट उंच सांगाड्यावर चढवली. ही मंदामावशीची मागणी. मंदामावशी म्हैसने समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेली. तिच्या इमारतीच्या गच्चीला मालकाचं कुलूप, म्हणून दरवर्षी तिच्या कुरडया, सांडगे, पापड रसिकाच्या गच्चीवर वाळायचे. "गच्ची मोकळी ठेवजो व," ती म्हणाली होती. "वर तुही पॅनलं, खाली सावलीत आपुन सोऱ्या फिरवू, आन् बाजूच्या उन्हात कुरडया घालू." रसिकाला ते पटलं. मावशी जुईला रोज दुपारी सांभाळायची. तिच्यासाठी एवढं करायलाच हवं होतं.

दुसरी गोष्ट, पॅनलांचे दोन उतार केले, कौलारू घरासारखे. एक पश्चिमेकडे, एक पूर्वेकडे. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज सारखी मिळते. पश्चिमेला मोकळा प्लॉट होता. पूर्वेला गल्ली, गल्लीत कडुनिंब, आणि पलीकडे मावशीची इमारत.

एप्रिल लागला आणि रसिकाच्या घरात नवल झालं. दुपारी दोन वाजता स्लॅबला खालून हात लावला तरी चटका बसेना. जुईची खोली मागच्या वर्षीपेक्षा चार अंशांनी थंड. रसिकाने वहीत चाराभोवती गोल काढला.

पण जुईला घामोळं आलं. आधी मानेवर, मग पाठभर. मग चार वाजता मावशीकडून आणलं की अंग गरम लागायला लागलं. नव्याण्णव. शंभर. शंभर पूर्णांक चार.

"मावशी, कूलर लावता ना?"

"लावतो म्हंजे? दिवसभर चालू राह्यते. पन यंदा कायनं त कूलर गरमच हवा फेकून राह्यला. दोन-दोन बादल्या पानी टाकतो मी. अर्ध्या घंट्यात टाकी कोल्डी, थेंब नाही उरत."

रसिकाने मान डोलवली, पण मनात नोंद केली. मावशीच्या खोलीला पश्चिमेची गॅलरी. पण तिच्यावर रुंद छज्जा आणि पुढे कडुनिंबाची गच्च सावली. आख्ख्या गल्लीत थंड खोली म्हणून ती प्रसिद्ध. तीन वर्षं जुई तिथे दुपारी झोपत होती. मग यंदाच असं काय झालं?

तिने वही काढली. सोमवार ते शनिवार, चार वाजता ताप. रविवारी, घरी, काही नाही. महावीर जयंतीची सुट्टी, काही नाही. आंबेडकर जयंतीची सुट्टी, काही नाही. मावशी एकदा लग्नाला कारंज्याला गेली होती, त्या दिवशीही काही नाही. इतके स्वच्छ आकडे तिला प्रयोगशाळेतही क्वचितच मिळत. ताप मावशीकडे येतो. म्हणजे मावशी काहीतरी करते, किंवा करत नाही.

पेन्शन तुटपुंजी. विजेचं बिल वाढलेलं. मावशी कूलर बंद ठेवत असणार, आणि आपण यायच्या वेळी लावत असणार.

एकदा हा विचार डोक्यात आल्यावर सगळं त्यातच बसायला लागलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी जुई आली ती एकशे एक ताप घेऊन, मलूल, ओठ सुकलेले. रसिका तिला कडेवर घेऊनच जिना चढून परत वर गेली.

"मावशी, खरं सांगा. कूलर कधी लावता?"

मंदामावशी शेंगा सोलत बसली होती. घाम तिच्याही गळ्यावरून वाहत होता. "सक्काळीच लावतो. का व?"

"मी महिनाभराचं लिहून ठेवलंय. इथे आली की ताप, घरी असली की नाही. मागच्या वर्षी काय झालं होतं तुम्हाला माहीत आहे. बिलाची अडचण होती तर मला सांगायचं होतं. मी दिलं असतं."

मावशीचा हात थांबला. "बिलासाठी म्या लेकराले उकाड्यात ठेवलं म्हन्तं तू?"

"मी तसं म्हटलं नाही. आकडे—"

"नाही, म्हन ना. तुह्या त्या कागदात एकोनीस रकाने होते न व? इसावा माहा कर. मंदा म्हैसने, थंडपना किती, इमानदारी किती, हमी किती सालाची." तिचा आवाज चिरला. मग तिने जुईकडे पाहिलं, आणि तो खाली आला. "बरं, आईक. मलेही या खोलीत यंदा जीव घाबरल्यावानी होते. असं कर, दुपारची मीच तुह्या घरी येऊन बसत जातो. तुह्यावालं घर थंड हाय. पोरगीही राहील, मीही राहीन."

ते साधं, शहाणं बोलणं होतं. पण रसिका तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिला दिसत होते वर गेलेले डोळे आणि ताठ हातपाय.

"नको. आम्ही बघू आमचं," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस तिने आणि भूषणने रजा वाटून घेतल्या. दोघांचीही कामं खोळंबली, दोघंही एकमेकांवर करवादायला लागले. जुईचा ताप मात्र गेला. घामोळंही वाळलं. रसिकाने ते वहीत लिहिलं आणि तिला वाटलं, सिद्ध झालं. समोरची गॅलरी बंद असायची. कधी मावशी कपडे वाळत घालताना दिसली तर दोघीही दुसरीकडे बघायच्या. कुरडया घालायचे दिवस आले आणि गेले. मावशीने त्या वर्षी गहू भिजवलेच नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी एकला उन्हाचा भोंगा वाजला. महानगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली ही रीत. भोंगा झाला की चारपर्यंत बाहेरची कामं बंद, रस्ते ओस. रसिका रजेवर होती. अडीच-तीनपर्यंत प्रयोगशाळेतून चौथा फोन येऊन गेला होता आणि तिचं डोकं भणभणत होतं. जुई खिडकीत उभी होती.

"आई, बघ. मावशीचं छत लाजलं."

"जुई, दोन मिनिटं गप्प बस गं."

"लाजलं ना पण! रोजच लाजतं. तिकडे असताना मी आणि मावशी बघायचो. मावशी म्हणते, कोन पाव्हना आला रे बाबा याले पाहाले?"

रसिका वैतागून उठली, खिडकी बंद करायला. आणि थांबली.

समोर दुसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्याची खालची बाजू, आणि काचेच्या दारातून दिसणारं खोलीचं छत, फिकट तांबूस दिसत होतं. पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं इतकंच फिकट. बाकी सगळ्या इमारतीवर दुपारचं पांढरं ऊन. कडुनिंबाची सावली जागच्या जागी. छज्जा जागच्या जागी. पण तो उजेड वरून येतच नव्हता. तो खालून वर जात होता.

एम.एस्सी.त शिकलेली एक ओळ इतक्या वर्षांनी तिच्यासमोर उभी राहिली. पापुद्र्यांवर ऊन तिरपं पडलं, की परत फिरणारा पट्टा दिसणाऱ्या रंगांकडे सरकतो. आधी तांबड्यात. म्हणजे जे तांबडं दिसत होतं ती नुसती किनार होती. त्यामागची सगळी न दिसणारी उष्णता त्याच वाटेने चालली होती. सूर्य पश्चिमेला कलला की पूर्वेकडच्या उतारावर ऊन घसरतं पडत होतं, आणि तिथून गल्ली ओलांडून, निंबाच्या फांद्यांखालून, छज्ज्याच्या खालून, थेट मावशीच्या काचेच्या दारात शिरत होतं. काच ते आत घेत होती. बाहेर सोडत नव्हती. पॅनल स्लॅबलगत असती तर गच्चीच्या कठड्याने ते अडवलं असतं. आठ फूट उंच सांगाड्यावरून अडवायला काहीच नव्हतं.

तिने जुईला काखेत उचललं आणि चप्पल न घालता धावली. गल्लीतल्या डांबराने पाय पोळले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, जिथे गारवा होता, तिथे जुईला बसवलं. "इथून हलायचं नाही. हललीस तर बघ."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं झाकण उघडावं तसं झालं. कूलर चालू होता. पूर्ण वेगात, कोरड्या टाकीवर, गॅलरीतली तीच भाजलेली हवा आत ढकलत. रिकामी बादली आडवी पडली होती आणि बादलीशेजारी मंदामावशी. पाणी आणायला उठली असावी.

अंगाला घाम नव्हता. कातडी कोरडी, तापलेली. डोळे अर्धे उघडे. "मुलं आली का," ती पुटपुटली, "खिचडी मांडली..."

रसिकाने तिला काखेत हात घालून ओढत जिन्यात आणलं. मोरीतल्या पिंपातलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं, चादर भिजवून गुंडाळली, वर्तमानपत्राने वारा घालत एका हाताने एकशे आठ लावला. जुई आईने सांगितल्याप्रमाणे हलली नाही. ती नुसती मावशीच्या पायाच्या अंगठ्याला धरून बसली. रुग्णवाहिका येईस्तोवरच्या अठरा मिनिटांत रसिकाने कितीदा तरी "मावशी, मी आहे" म्हटलं. त्याचा उपयोग काय, ते तिलाही कळत नव्हतं.

संध्याकाळी भूषण दवाखान्यात आला. मावशी अतिदक्षता विभागात होती. मूत्रपिंडांना धक्का बसला होता, पण डॉक्टर आशा धरून होते. रसिकाने त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं.

"हे अजून कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. अगं, सत्तेचाळीस डिग्रीत गावात रोज कोणी ना कोणी पडतंय. कोण म्हणणार आपल्यामुळे? आपण काय मुद्दाम केलं? गुपचूप तो उतार काढून टाकू. उगाच पोलीस, कोर्ट..."

"मी तिला खोटारडी म्हटलं, भूषण."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? ती आपल्या घरी येते म्हणत होती. मी नको म्हटलं. आज ती आपल्या घरात, आपल्या एसीत बसलेली असती."

तो दुसरीकडे बघायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. घाबरला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कळेना, म्हणून ती नुसतीच चिडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. एक यंत्राचा गोड आवाज आला.

"नमस्कार, रसिकाजी. आपली पॅनल उत्तम स्थितीत आहेत. मे महिन्यात आपण अपेक्षेपेक्षा अकरा टक्के जास्त वीज केली. अभिनंदन!"

"मला माणसाशी बोलायचं आहे."

"आपली तक्रार थोडक्यात सांगा."

"तुमच्या पॅनलने समोरच्या घरात उष्णता फेकली. एक बाई मरता मरता वाचली."

"समजलं. आपल्या पॅनलमध्ये उष्णता जाणवते आहे का?"

"पॅनलमध्ये नाही! समोरच्या घरात!"

"आपल्या पॅनलचं तापमान चौतीस अंश आहे. काळजीचं कारण नाही."

चाळीस मिनिटांनी माणूस मिळाला. तो जास्त सभ्य होता आणि त्याहून निरुपयोगी. उष्णता परतवणं हे पॅनलचं वैशिष्ट्य आहे, दोष नव्हे. दिशा आणि उतार ग्राहकाने ठरवले. कागदावर सही आहे. उतार काढल्यास हमी संपेल. हे पॅनल आणखी कुठे कुठे बसवलं आहे, ते सांगता येणार नाही. ग्राहकांची माहिती गोपनीय असते. शेवटी, या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल?

रसिकाने फोन गादीवर फेकला. जुई घाबरून रडायला लागली, आणि मग तिला जवळ घेऊन रसिकाही रडली.

तिसऱ्या दिवशी मावशी खाटेवर उठून बसली. चेहरा निम्मा झालेला. रसिका स्टुलावर बसली. घरून निघताना तिने बरीच वाक्यं जुळवली होती. 

मावशीच आधी बोलली. "कूलर चालूच होता व."

"हो, मावशी. चालूच होता. मी पाहिलं."

"मी बंद नव्हता केला."

"माहीत आहे. चूक माझी आहे. ते ऊन माझ्या पॅनलवरून येत होतं. मी ती तशी बसवली." मग तिने सगळं सांगितलं, मोहोडच्या प्रश्नासकट. काही झाकलं नाही.

मावशी ऐकत राहिली. सलाईनचे थेंब पडत होते. "म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "ऊन तूच धाडलं माह्या घरी. आन् चोरही मलेच ठरवलं."

"हो."

"जुई बरी हाय?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

मावशीने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "जाय आता. मले झोप येऊन राह्यली." तिला झोप येत नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

सुट्टी मिळाल्यावर ती बहिणीकडे कारंज्याला गेली. रसिकाचा फोन तिने उचलला नाही. एकदाही नाही. रसिकाला त्याचा रागही आला, आणि राग यायचा आपल्याला हक्क नाही म्हणून आणखी राग आला.

मोहोड पूर्वेकडचा उतार काढायला आला. तो एकेक बोल्ट सोडवत गेला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला नाही. शेवटचं पॅनल उतरवून भिंतीला टेकवल्यावर त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

"मॅडम, हा माल म्या यंदा एकट्यानं दोनशे बारा छतांवर चढवला. दोन उतारवाले त्यात साठ-सत्तर असतीन."

"कुठे कुठे?"

"कागद कंपनीपाशी हाय. पन हात त माहे होते न. ध्यानात हाय."

त्या दिवसापासून दोघं निघाले. मोहोड सकाळची कामं उरकून यायचा, रसिका जुईला भूषणकडे देऊन. भूषण पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पाण्याची बाटली घे." मोहोड छत दाखवायचा, रसिका समोरच्या घराची बेल दाबायची. काही लोकांनी तिला वेड्यात काढलं. एकाने, ज्याच्या छपरावर पॅनल होती, शेजाऱ्यांना भडकवते म्हणून दमात घेतलं. एका घरात बाळंतीण दुपारभर पॅनलसमोरच्या तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसत होती, आणि घरातले म्हणत होते, हिचं दूध उष्म्याने आटलं, काढे द्या. एका घरात दोघं म्हातारी एकमेकांना दोष देत होती, पंखा तू बंद केला, तूच केला. सगळीकडे कोणीतरी कोणावर तरी ठपका ठेवत होतं. भिंतीला हात कोणी लावला नव्हता.

दहा दिवसांत एकोणचाळीस घरं झाली. उरलेलीही मोहोडच्या ध्यानात होती, पण ती सगळी अकोल्यातली. अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर इथली कोणाला आठवणार?

अकराव्या दिवशी भोंगा साडेबारालाच वाजला. बाहेर पडता येईना. जुई शेजारी चित्र काढत बसली होती. रसिकाने फोन घेतला, आणि ओळखीच्या, अनोळखी, नातलगांच्या, कॉलेजच्या, शाळेच्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या गटांना पाठवायला एक मजकूर लिहिला. भूषणने खांद्यावरून वाचला. "नाव घालू नकोस आपलं," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "बरं, घाल." तिने घातलं.

"मी रसिका गावंडे, अकोला. माझ्या छपरावरच्या नीलपर्ण पॅनलमुळे समोरच्या घरात राहणाऱ्या मंदा म्हैसने मरणाच्या दारातून परत आल्या. दोष पॅनलचा आणि माझा, दोघांचा आहे. त्याबद्दल मी इतरत्र भांडते आहे. तुमच्याकडे एवढंच मागते. हे वाचाल त्या दिवशी, तुमच्या छपरावर किंवा तुमच्या गल्लीत कोणाच्याही छपरावर हे पॅनल दिसलं, तर दुपारी दोन ते चारच्या मध्ये त्याच्या पूर्वेच्या घरात जा, सकाळी पश्चिमेच्या. वरच्या मजल्यावर जा. फोन करू नका, फोनवर सगळेच बरे असतात. जिना चढा, दार वाजवा, आत जाऊन भिंतीला हात लावा. कोणी एकटं राहत असेल तर त्यांना दुपारपुरतं तुमच्या घरी घेऊन या. ती माणसं आपणहून येणार नाहीत. आणि ज्यांच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा."